शालूचा आवाज

वारज्याला जावयाच्या घरी पहिल्यांदा होम थिएटर बघितलं तेव्हा गोपाळकृष्ण वडके म्हणाले होते, "योगेशराव, खोके सहा आणि आम्हाला कान दोन. बाकीच्या चार खोक्यांनी करायचं काय?"

योगेश नुसता हसला होता. सासऱ्यांच्या असल्या बोलण्याची त्याला सवय झाली होती. तो मूळचा अमरावतीचा. नोकरीसाठी पुण्यात आला, हिंजवडीच्या कंपनीत लागला, पूर्णिमाशी लग्न झालं आणि वारज्याच्या नव्या इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला. चांगल्या आवाजाचा त्याला मनापासून नाद होता. अमेरिकेहून परतणाऱ्या सहकाऱ्याकडून त्याने ॲम्प्लिफायर मागवला, भिंतीच्या कडेने वायरी स्वतः ठोकल्या, आणि सोफ्यापासून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते टेप लावून मोजलं. खालच्या मजल्यावरचे जोशी दोनदा वर येऊन गेले, तेव्हा त्याने जमिनीवर ठेवायचा मोठा स्पीकर कोपऱ्यातून हलवला आणि त्याच्याखाली रबराची जाड चटई घातली.

गोपाळकृष्ण कसबा पेठेत राहत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. बायको शालिनी, म्हणजे त्यांची शालू, पूर्णिमाच्या लग्नाआधीच गेली होती. ताप काय आला आणि आठवड्याभरात सगळं काय संपलं, ते अजूनही त्यांना नीट सांगता येत नसे.

शालूने एका सिनेमात काम केलं होतं. हौशी नाटकांतून ती कामं करायची, तिथे एका दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि 'उंबराखालची शाळा' नावाच्या चित्रपटात मास्तरांच्या विधवा वहिनीची भूमिका दिली. भूमिका छोटीच, चार प्रसंगांची. चित्रीकरण मांजरीजवळ उसाच्या मळ्यात झालं. नवीन लग्न झालेलं, त्यामुळे गोपाळकृष्ण रजा काढून तिच्याबरोबर जायचे आणि बांधावर बसून राहायचे. मग ती कोल्हापूरला जाऊन आपले संवाद स्वतःच्या आवाजात भरून आली. पुढे पूर्णिमा झाली आणि तो विषय तिथेच थांबला. चित्रपट काही फार चालला नाही. दूरदर्शनवर एकदोनदा लागला तेव्हा शालू स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही. "मला नाही बघवत मी," म्हणायची.

ती गेल्यावर घरात तिचे फोटो होते, लुगडी होती, चष्मा होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. पुतण्याच्या लग्नाची कॅसेट होती, त्यात ती नवरीच्या आईशी चांगली पाच मिनिटं बोलताना दिसायची, पण व्हिडिओवाल्याने सगळ्या कॅसेटवर सनई आणि सिनेमाची गाणी चढवली होती. ओठ हलायचे आणि सनई वाजायची. गोपाळकृष्णांनी ती कॅसेट एकदा पाहिली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली.

म्हणून योगेशने फोन करून सांगितलं की, मुंबईची एक कंपनी जुने मराठी चित्रपट डीव्हीडीवर काढतेय आणि त्यात 'उंबराखालची शाळा' आहे, तेव्हा त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "नक्की तोच का? नावं सारखी असतात."

"तोच, बाबा. नटांची नावं पाहिली मी. आईंचं नाव आहे. आणि आवाज म्हणे सगळा नव्याने साफ केलाय, फाइव्ह पॉइंट वन, आपल्या सहाही खोक्यांतून येणारा. तुम्ही रविवारी या. आई समोर बसून बोलतायत असं वाटलं नाही तर नाव बदलेन."

योगेशने आपल्या सासूला कधी पाहिलं नव्हतं. तिला ऐकायची त्यालाही उत्सुकता होती.

रविवारी सकाळी गोपाळकृष्ण इस्त्रीचा सदरा घालून आले. पूर्णिमाने थालीपिठं केली होती, पण त्यांनी अर्ध्यातच ताट सरकवलं. योगेशने डीव्हीडी न उघडता ठेवली होती. "तुम्हीच उघडा," म्हणाला.

वेष्टण फारच देखणं होतं. गर्द हिरव्या जाड पुठ्ठ्याची पेटी, तिच्यावर सोनेरी, उठावाचं उंबराचं झाड. बाहेरच्या म्यानातून आतली पेटी सरकत बाहेर यायची. आत मखमलीसारख्या लाल कागदावर डिस्क आणि बाजूच्या खाचेत आठ पानांची पुस्तिका. पूर्णिमा कात्री घेऊन आली, तर ते म्हणाले, "कात्री नको," आणि प्लास्टिकचं आवरण नखाने हळूहळू सोडवत बसले. पुस्तिकेत शेवटच्या पानावर नावं होती. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "शालिनी वडके. नाव तरी नीट छापलंय. नाहीतर आमचं आडनाव लोक वाट्टेल तसं लिहितात."

पेटीच्या पाठीमागे अंगठ्याएवढ्या चार चित्रांत एक शालूचं होतं. विहिरीच्या काठावर, पदर खोचलेला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं योगेशने मोठ्याने वाचलं, "ध्वनी: डिजिटल फाइव्ह पॉइंट वन, आणि मूळ मोनो. म्हणजे जुना आवाजही जसाच्या तसा दिलाय बघा. चांगलं काम केलंय यांनी."

पडदे ओढले. चित्रपट सुरू झाला. पहिल्याच दृश्यात उंबराची पानं सळसळली, तीही मागून. गोपाळकृष्णांनी दचकून वळून पाहिलं आणि योगेश खूश झाला. मास्तर बोलायला लागले तेव्हा गोपाळकृष्णांना ते जरा वेगळेच वाटले. पण इतक्या वर्षांनी काय आठवणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

मग ओसरीचं दृश्य आलं. आतून घागर घेऊन शालू बाहेर आली. पंचवीस वर्षांची, कपाळ मोकळं. गोपाळकृष्ण पुढे सरकून बसले. तिने घागर खाली ठेवली, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, अजून जेवला नाहीत तुम्ही?"

मधल्या स्पीकरमधून शब्द स्वच्छ, टपोरे आले. कोवळा, गोड, मधात बुडवून काढल्यासारखा आवाज.

"काय क्लिअर आहे!" योगेश म्हणाला. "आईंचा आवाज किती गोड होता हो!"

त्याने वळून पाहिलं. पूर्णिमा ताट हातात घेऊन दारातच उभी होती.

"योगेश," ती म्हणाली, "ही आई नाहीये."

"म्हणजे?"

"आई दिसतेय. बोलतंय दुसरंच कुणीतरी."

योगेशला आधी समजेना. मग त्याने घाईघाईने रिमोट घेतला. "थांबा, थांबा. नवीन डबिंग केलेलं दिसतंय. मूळ मोनो आहे ना, तो लावू." मेनूत जाऊन त्याने दुसरा पर्याय निवडला आणि दृश्य पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पानांची सळसळ आता मागून आली नाही, सगळा आवाज एकाच जागेतून आला. शालूने घागर ठेवली. "भाऊजी, अजून जेवला नाहीत तुम्ही?" तोच गोड आवाज होता, त्याच मधल्या स्पीकरमधून.

योगेशने वायरी तपासल्या, डिस्क काढून पुसली, दुसऱ्या प्लेअरमध्ये घातली. गोपाळकृष्ण हात मांडीवर ठेवून बसून होते. शेवटी म्हणाले, "राहू दे, योगेशराव. तुमच्या मशीनचा काही दोष नाही त्यात. पुढे चालू करा. दिसतेय तरी."

पुढे विहिरीचा प्रसंग होता. संध्याकाळ, मळ्यात लपून बसलेल्या मुलाला ती हाका मारते: "भान्या, ए भान्या! भाकरी गार झाली रे!" ती हाक सगळ्या स्पीकरांतून फिरली, मागे जाऊन घुमली आणि पुन्हा समोर आली. कंपनीने त्या हाकेवर खास मेहनत घेतली होती. गोपाळकृष्णांनी डोळे मिटून घेतले. मग लगेच उघडले, कारण डोळे मिटल्यावर तिथे शालू उरतच नव्हती.

सोमवारी योगेशने ऑफिसातूनच कंपनीला फोन लावला. चार जणांनी फोन एकमेकांकडे दिल्यावर एक सभ्य बोलणारा माणूस भेटला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मूळ आवाजाची निगेटिव्ह कुजून गेली होती, म्हणाला. जी एक जुनी प्रिंट मिळाली तिच्यातला आवाज इतका खरखरीत होता की आजच्या गिऱ्हाइकाला तो चालला नसता. म्हणून सगळ्याच पात्रांचं डबिंग नव्याने केलं, पावलांपासून पाण्यापर्यंत सगळे आवाज नवीन.

"मग पेटीवर मूळ मोनो कशाला छापलंय?"

"सर, पॅकेजिंग आधीच छापून झालं होतं. तेव्हा मूळ आवाज द्यायचा विचार होता. मग नाही जमलं. मेनूत पर्याय होता, तो रिकामा कसा ठेवायचा, म्हणून त्यात हाच आवाज मोनो करून टाकला."

"ती प्रिंट कुठाय आता?"

"वास यायला लागला होता तिला. गोडाऊनवाले तक्रार करत होते. टाकून दिली, सर." मग घाईने म्हणाला, "तुमची तक्रार बरोबर आहे. मी तुम्हाला नवीन प्रत पाठवतो."

नवीन प्रत खरंच आली, कुरियरने, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तीच हिरवी पेटी, तेच सोनेरी झाड. फक्त पाठीमागे 'आणि मूळ मोनो' या शब्दांवर हिरव्या रंगाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. रंग इतका अचूक जुळवला होता की बोट फिरवल्याशिवाय कळतही नव्हतं.

योगेशने हार मानली नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात जाऊन आला. तिथल्या बाईंनी आपुलकीने शोधलं, पण निर्मात्याने या चित्रपटाची प्रत कधी जमाच केली नव्हती. निर्माता वारलेला, मुलगा परदेशात. दूरदर्शनवरून कुणी टेप केला असेल म्हणून त्याने इंटरनेटवर जुन्या चित्रपटांच्या शौकिनांना विचारलं. दोघांनी उत्तरं दिली. दोघांकडेही ही हिरवी पेटीच होती आणि दोघांनीही तिच्या छपाईचं कौतुक केलं होतं.

मग तो कॉम्प्युटरवर डिस्कमधला आवाज वेगळा काढून ऐकत बसायला लागला. सहा स्पीकरांच्या सहा वाहिन्या सुट्या केल्या. मधल्या वाहिनीत संवाद, मागच्यांत पानं, पाखरं, विहिरीचा रहाट. कुठेतरी जुन्या आवाजाची एखादी शिल्लक राहिली असेल, नव्याच्या खाली दबलेली असेल, अशी त्याची आशा होती. पूर्णिमा चहा घेऊन आली की तो एक कान मोकळा करून म्हणायचा, "या बांगड्या तरी आईंच्या असतील का गं?" पूर्णिमा ऐकायची आणि मान हलवायची. शालूच्या हातात त्या चित्रपटात बांगड्याच नव्हत्या. विधवेची भूमिका होती. कुणीतरी उगीच बांगड्या वाजवल्या होत्या.

"पुरे आता, योगेश," ती एकदा म्हणाली. "तू इतकं करतोयस आणि मला बाबांना रोज सांगायला लागतंय की अजून काही मिळालं नाही."

योगेशने हेडफोन काढून ठेवला. आवाजातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला आजवर वाटत होतं. आता त्या कळण्याचा काही उपयोग नव्हता.

पहिली प्रत गोपाळकृष्णांनी घरी नेली होती. कसब्यातल्या घरात त्यांनी एक साधा प्लेअर आणून टीव्हीला जोडला. रोज दुपारी जेवण झाल्यावर ते चित्रपट लावायचे, शालूचे चारच प्रसंग बघायचे आणि बंद करायचे. खालच्या तांबटांच्या आळीतून तांब्यावर ठोके पडण्याचा आवाज दिवसभर यायचा, तो त्यांच्या कानाला लागतही नव्हता. सुरुवातीला ते टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे. मग एक दिवस तो बंद करायचं राहून गेलं. मग बंद ठेवेनासेच झाले. आवाज नसला की ती फारच लांब वाटते, असं त्यांनी पूर्णिमाला सांगितलं.

एका गुरुवारी पूर्णिमा भाजी देऊन निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं. "बस जरा."

ती बसली.

"तुझी आई मला हाक कशी मारायची?"

"म्हणजे? 'अहो' म्हणायची."

"ते झालं गं. म्हणायची कशी? म्हणून दाखव."

पूर्णिमाने तोंड उघडलं. आईचं ते 'अहो' तिला आतून स्पष्ट ऐकू येत होतं, निदान तसं वाटत होतं. पण ती म्हणाली तेव्हा ते तिचंच 'अहो' निघालं. तिने पुन्हा करून पाहिलं. तेही तिचंच होतं.

"मलाही नाही येत," गोपाळकृष्ण म्हणाले. "आधी यायचं. म्हणजे म्हणता नाही यायचं, पण ऐकू यायचं. सकाळी दूध तापवताना, जिना चढताना. आता आठवायला गेलो की ती येते, तोंड उघडते आणि ती दुसरीच बोलते. ती गोड. सगळं तीच बोलायला लागलीये, पूर्णिमा. चित्रपटात नव्हतं तेही. परवा मला म्हणाली, 'अहो, कुकर बंद करा.' त्याच आवाजात."

"बाबा, ती डिस्क बघू नका तुम्ही."

"बंद केलीये. आठवडा झाला." ते टीव्हीकडे बघत राहिले. "उपयोग नाही."

पूर्णिमाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा योगेशने कंपनीचा नंबर शोधून काढला. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीतल्या त्याच माणसाला पुन्हा फोन केला आणि एकच विचारलं: डबिंग कुठे केलं? तो माणूस म्हणाला, "तुमच्या पुण्यातच. एरंडवण्यात स्टुडिओ आहे, फैझल म्हणून आहेत, त्यांना भेटा." त्याला बहुतेक सुटल्यासारखं वाटलं असावं.

फैझलला फोनवर येण्याचं कारण सांगून शनिवारी योगेश सासऱ्यांना घेऊन तिथे गेला. एका इमारतीच्या तळघरात, भिंतींना काळा फोम लावलेल्या दोन खोल्या. फैझल चाळिशीचा, अदबीने बोलणारा. त्याने गोपाळकृष्णांना स्वतःची खुर्ची दिली.

"सर, ते काम मीच केलंय," तो म्हणाला. "प्रिंटमधला जुना आवाज आम्हाला दिला होता. डबिंग करणाऱ्याच्या कानात तो सोडतो आम्ही, वाक्य वाक्य. त्यावरून ओठ जुळवायचे."

योगेश एकदम पुढे झाला. "म्हणजे तुमच्याकडे होता? मूळ आवाज?"

"होता. खरखर खूप होती, पण बोलणं कळत होतं." फैझलने मान खाली घातली. "काम संपलं की आम्ही पुसतो, सर. कॉम्प्युटरवर जागाच राहत नाही. त्यानंतर तिथे तीन चित्रपट आणि शंभर जाहिराती होऊन गेल्या. तुमचा फोन आल्यावर मी रात्री बसून बघितलं. परत येत नाही ते."

गोपाळकृष्ण म्हणाले, "आमच्या मंडळींचं काम कुणी केलं?"

"अलिझाने. अलिझा मुजावर. आत्ता येईलच ती, एका जाहिरातीचं रेकॉर्डिंग आहे. बसा तुम्ही, चहा सांगतो."

चहा संपायच्या आत ती आली. बाविशी-तेविशीची मुलगी, हातात स्कूटरचं हेल्मेट, ओढणी चेहऱ्यावरून सोडवत. फैझलने कोण आलंय ते सांगितलं तशी ती होती तिथेच उभी राहिली.

"काका, मी..." ती म्हणाली. "त्यांचं काम मला फार आवडलं होतं. खरंच. मला माहीत नव्हतं घरचे कुणी..."

"बस गं," गोपाळकृष्ण म्हणाले. "भांडायला नाही आलो मी. भांडायचं असतं तर एवढे जिने उतरलो असतो का? वरूनच ओरडलो असतो."

ती कशीबशी हसली आणि समोर बसली.

"तू तिचा आवाज ऐकलास," ते म्हणाले.

"हो. तीन दिवस. कानात तोच होता."

"कसा होता?"

अलिझाने फैझलकडे पाहिलं, मग योगेशकडे. हा प्रश्न मृत बाईच्या नवऱ्याने आपल्याला विचारावा, हे तिला झेपत नव्हतं. पण म्हातारा माणूस खरंच उत्तराची वाट बघत होता.

"जरा घोगरा होता," ती हळूच म्हणाली. "पण छान घोगरा. वाक्य सुरू करायच्या आधी त्या श्वास घ्यायच्या, तो ऐकू यायचा. आणि शेवटचा शब्द सोडून द्यायच्या, म्हणजे पूर्ण नाही करायच्या. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, काका. अगदी त्यांच्यासारखं. पण कंपनीचे लोक आले होते, ते म्हणाले, असा नको, चांगल्या स्पीकरवर घोगरा आवाज फाटल्यासारखा लागतो. गोड कर. मग मी गोड केलं."

"आणि ते पहिलं?" योगेशने विचारलं.

"त्याच्यावरच पुन्हा केलं," फैझल म्हणाला.

"घोगरा," गोपाळकृष्ण स्वतःशीच म्हणाले. तो शब्द त्यांनी मनात नेऊन शालूला लावून पाहिला. घोगरा होता? सर्दी झाली की व्हायचा, तसा सगळ्यांचाच होतो. की नेहमीच होता, आणि सवयीने आपल्याला तो घोगरा वाटलाच नाही कधी? पंचवीस वर्षं ती बोलत होती आणि आवाज कसा आहे असा विचार त्यांनी केला नव्हता. तिचा होता, एवढंच.

"करून दाखवशील?" ते म्हणाले. "ते विहिरीवरचं."

अलिझा उठली. फैझलने आपणहून विचारलं, "सर, रेकॉर्ड करून देऊ? आत जाऊन करू दे तिला, चांगलं येईल."

"नको," गोपाळकृष्ण म्हणाले. "आणखी एक आवाज नको."

मग ती तिथेच, खुर्च्यांच्या मध्ये उभी राहिली. डोळे मिटले, त्या तीन दिवसांत कानात जे होतं ते आठवत असावी. श्वास घेतला आणि म्हणाली, "भान्या, ए भान्या! भाकरी गार झाली रे!"

फोमच्या भिंतींनी हाक लगेच पिऊन टाकली. काहीही घुमलं नाही. योगेश सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने पुन्हा केलं.

"शेवटचा 'रे' लांबवायची ती. की नाही लांबवायची?"

"नाही काका, तो तुटकच होता. मी लांबवलाय, गोड करताना." ती थांबली. "पण तुम्हाला जास्त माहीत असणार."

गोपाळकृष्णांनी तिला तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदा हाक थोडी घोगरी, थोडी थकल्यासारखी आली, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढे वाकून ऐकत होते. कान, कपाळ, सगळा चेहरा त्यांनी त्या एका वाक्याकडे लावला होता. मग ते मागे टेकले.

"हं," म्हणाले. "असंच. अगदी असंच म्हणायची."

अलिझाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "तुझं काम खोळंबलंय. जा, जाहिरात कर. कशाची आहे?"

"टूथपेस्टची."

"मग गोडच बोल."

वर आल्यावर उन्हाने त्यांचे डोळे दिपले. योगेशने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. कर्वे रस्त्यावर सगळं तुंबलं होतं, पुढचे-मागचे सगळेच हॉर्न वाजवत होते. योगेशने काचा वर केल्या.

"बरं झालं गेलो ते," तो म्हणाला. "निदान तिच्याकडे तरी होता तो आवाज. आपण तिला पुन्हा भेटू शकतो, बाबा. पूर्णिमालाही नेऊ एकदा. तोच ऐकत राहिलात तर ती गोड बोलणारी जाईल मनातून."

गोपाळकृष्ण काचेतून बाहेर बघत होते.

"योगेशराव, मला ओळखता नाही आला."

"काय?"

"पहिला वाटला, हाच. दुसरा वाटला, हाच. तिसऱ्याला पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून म्हटलं, असंच. मला नाही कळलं. तिने चौथ्यांदा आणखी वेगळं केलं असतं तरी मी हो म्हटलं असतं."

मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. पुढे जायला जागाच नव्हती, तरी वाजवत होता.

"तिला सांगू नका हे," गोपाळकृष्ण म्हणाले. "चांगली आहे मुलगी."

"पूर्णिमाला?"

त्यावर त्यांनी विचार केला. "पूर्णिमाला सांगा, भेट झाली. मुलीने करून दाखवलं म्हणावं. एवढं खरंच आहे."

कसब्यात गाडी आत जात नव्हती. योगेश चौकात गाडी लावून त्यांच्याबरोबर चालत निघाला, तर दोन दुकानांपलीकडे ते थांबले. "तुम्ही जा आता. पूर्णिमा जेवायची थांबली असेल."

"येतो ना वरपर्यंत."

"कशाला? जिना माझ्या ओळखीचा आहे."

ते निघाले. आळीत दोन्ही बाजूंना तांब्याच्या पातेल्यांवर ठोके पडत होते आणि त्यांतून वाट काढत ते सावकाश चालले होते. वळणाशी कुणीतरी त्यांना हाक मारली असावी, कारण ते थबकले, बघायला मागे वळले. योगेशला मात्र ठोक्यांशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं. योगेशने हात वर केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, जरा वेळ तसेच उभे राहिले आणि मग वळून गल्लीत शिरले.